वायरलेस माऊस अडखळतो, हेडसेटचा आवाज तुटतो: दोष कुठे आहे ते शोधायची रीत

रोज दुपारी दोनच्या सुमाराला माझा माऊस बिघडायचा. सकाळभर मुकाट्याने काम करणारा कर्सर मध्येच थबकायचा आणि मग एकदम चार बोटं पुढे उडी मारायचा. सेल बदलले. खालचं पॅड बदललं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. शेवटी वैतागून दुसरा माऊस आणला, तर तोही दुपारी दोनलाच अडखळायला लागला. तोवर शेजाऱ्यांच्या वायफायवर माझा पक्का संशय बसला होता.

एकदा कर्सर थबकलेला असताना सहज नजर लॅपटॉपच्या बाजूला गेली. बॅकअपसाठी कायम जोडून ठेवलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हचा बारीक निळा दिवा फडफडत होता. दिवा शांत झाला की माऊस सुरळीत, फडफडायला लागला की पुन्हा रडकथा. बॅकअप रोज दोनला सुरू व्हावा असं कधीतरी मीच लावून ठेवलं होतं, आणि माऊसचं डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लागणारा त्याचा छोटा रिसीव्हर, त्या ड्राइव्हच्या केबलला खेटून शेजारच्याच पोर्टमध्ये बसलेलं होतं.

त्यानंतर मी एक क्रम पाळतो. संशय आधी वीतभर अंतरातल्या वस्तूंवर घ्यायचा, मग खोलीतल्या, आणि भिंतीपलीकडच्या सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. एक पथ्य मात्र सुरुवातीपासून पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान दहा मिनिटं वापरून पाहायचं. सेल, पोर्ट आणि राउटरचा चॅनल एका दमात बदललात तर माऊस बरा होईलही, पण कशाने झाला ते कळणार नाही आणि महिन्याभराने तोच त्रास पुन्हा दारात उभा.

पायरी १: हा अडथळा वायरलेसचाच आहे का?

माऊस अडखळला की लोक लगेच सिग्नलला दोष देतात. पण निम्म्या वेळा सिग्नलचा काही संबंध नसतो. पडताळायला साधन लागत नाही.

लॅपटॉप असेल तर माऊस अडखळत असतानाच टचपॅडवर बोट फिरवा. टचपॅडचा कर्सरही तसाच अडकत असेल तर कॉम्प्युटरच दमलेला आहे. प्रोसेसर किंवा मेमरी कोण खातंय ते टास्क मॅनेजरमध्ये बघा आणि माऊसला सोडून द्या. टचपॅड मऊ चालतो आणि माऊस अडखळतो, तर पुढची कसोटी चाकाची. एखादं लांबलचक पान उघडा, माऊस न हलवता नुसतं चाक सावकाश, एका लयीत फिरवत राहा. पान सरकताना मध्येच थांबतं आणि मग एकदम दोन-तीन टप्पे पुढे जातं का? जात असेल तर माऊस आणि कॉम्प्युटरमधला वायरलेस दुवा तुटतोय, म्हणजे हा लेख तुमच्यासाठी आहे. चाक आणि क्लिक अगदी बरोबर चालतात, फक्त कर्सर थरथरतो किंवा भलतीकडे जातो, तर दोष माऊसच्या पोटातल्या सेन्सरचा. माऊस उलटा करून प्रकाशाच्या भोकात बघा. तिथे अडकलेला एक केसही पुरतो. काचेचं किंवा चकचकीत टेबल असेल तर खाली साधा कागद ठेवून बघा. एका क्लिकला दोन क्लिक होत असतील तर बटणाखालचा स्विच झिजलाय. त्यावर जगातला कुठलाही चॅनल बदलून उपयोग नाही.

हेडसेटची परीक्षा थोडी वेगळी. कॉम्प्युटरमध्ये आधीच उतरवून ठेवलेली एखादी ध्वनिफीत लावा, वायफाय मात्र चालूच ठेवा. आता आवाज स्वच्छ येत असेल तर तुटत होतं ते इंटरनेट, हेडसेट नव्हे. कॉलवर असाल तर समोरच्याला विचारा. त्याला तुमचा आवाज नीट जातोय आणि तुम्हाला त्याचा तुटक येतोय, पण बाकीच्या सहकाऱ्यांचा नीट येतोय, तर गडबड त्याच्याकडे आहे.

एका तक्रारीबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण तिच्यापायी लोक चांगले हेडसेट परत करतात. गाणी उत्तम वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम चपटा होतो, डब्यातून आल्यासारखा. हा अडथळा नाही. नेहमीचं ब्लूटूथ स्टिरिओ गाण्यांसाठी एक पद्धत वापरतं आणि माइक चालू झाला की दुसऱ्या, टेलिफोनच्या पद्धतीवर उतरतं. त्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला बहुधा ८ हजार किंवा १६ हजार नमुने जातात, तेही दोन्ही कानांना एकच. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा किंवा वेगळा माइक निवडा, ऐकायला हेडसेट ठेवा. आवाज जागच्या जागी भरून येतो. ब्लूटूथच्या नव्या ‘एलई ऑडिओ’ पद्धतीत ही अडचण सुटते, पण त्यासाठी हेडसेट आणि कॉम्प्युटर दोघांनाही ती यायला हवी.

आणि हो, सेल. उतरलेल्या सेलवर माऊसचं प्रक्षेपण डळमळीत होतं आणि दुव्याची तक्रार हुबेहूब अडथळ्यासारखी दिसते. ताजे सेल घालून बघा. घालताना स्प्रिंगवर पांढरट-हिरवट थर दिसला तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. रिचार्जेबल सेल बहुधा १.२ व्होल्टचा असतो, साधा अल्कलाइन १.५ चा, काही माऊस रिचार्जेबल सेलवर लवकर कुरकुरतात.

पायरी २: हवेत नेमकी गर्दी कसली?

थोडं समजून घेतलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. डोंगलवाले बहुतेक माऊस, कीबोर्ड आणि हेडसेट, सगळी ब्लूटूथ उपकरणं, वायफायचा जुना पट्टा, स्मार्ट बल्बांमधली झिगबी ही वायरलेस पद्धत आणि मायक्रोवेव्ह ओव्हन ही मंडळी एकाच खोलीत राहतात. ती खोली म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, साधारण २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. इथे परवाना लागत नाही, म्हणूनच सगळे इथे.

या खोलीत वायफाय ऐसपैस बसतं. त्याचा एक चॅनल, म्हणजे पट्ट्यातला एक कप्पा, २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, ४० वर ठेवला तर अर्धा पट्टा एकट्याने अडवतो. ब्लूटूथ उलट्या स्वभावाचं. हेडसेटचं नेहमीचं ब्लूटूथ एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनलांवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत पळत असतं. २००३ साली आलेल्या ब्लूटूथ १.२ पासून त्याला आणखी एक शहाणपण आलं: जे चॅनल गजबजलेले दिसतील ते टाळून उरलेल्यांवरच उड्या मारायच्या. ब्लूटूथ माऊस बहुधा कमी विजेवरच्या ब्लूटूथवर चालतो. त्यात दोन-दोन मेगाहर्ट्झचे ४० चॅनल असतात. डोंगलवाले माऊस आपापल्या कंपनीची रीत वापरतात, पण तत्त्व तेच: गर्दी टाळा, जागा बदला, नाही पोचलं तर पुन्हा पाठवा.

म्हणजे थोड्याफार वायफायला ही उपकरणं सहज चुकवतात. शेजाऱ्याचं वायफाय चॅनल ६ वर असेल तर माऊस तिथून बाजूला होतो. मग अडखळतो कधी? बाजूला व्हायला जागाच उरत नाही तेव्हा, म्हणजे सगळा पट्टाच गोंगाटाने भरतो तेव्हा. आणि असा सगळीकडे सारखा गोंगाट करणारी वस्तू बहुधा तुमच्या टेबलावरच असते.

पायरी ३: वीतभर अंतरातला गुन्हेगार, यूएसबी ३

इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं. विषय एवढाच: यूएसबी ३.० चा २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस उपकरणांना होणारा त्रास. यूएसबी ३.० वर डेटा सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावतो. या वेगाने बिट बदलत राहिले की त्यांच्यापासून निघणारी विद्युतलहर शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते आणि २.४ चा आपला पट्टा बरोबर तिच्या पोटात येतो. ही लहर गाळून टाकता येत नाही, कारण तीच तर यूएसबीला हवी आहे. गाळली तर डेटाच जाईल. इंटेलच्या मोजणीत यूएसबी ३.० ची हार्ड ड्राइव्ह जोडल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढलेला दिसला. २० डेसिबल म्हणजे शंभर पट.

हा गोंगाट पोर्टच्या तोंडातून, केबलमधून आणि ड्राइव्हच्या खोक्यातूनही झिरपतो. केबलवरचं धातूचं आवरण चांगलं असेल तर कमी, स्वस्त केबल असेल तर जास्त. आता डोंगलची अवस्था बघा. हाताखालच्या माऊसकडून त्याला जेमतेम कुजबुज ऐकू येते आणि दोन सेंटिमीटरवर कोणीतरी ताशा बडवत बसलंय.

इथे एक गैरसमज मोडून काढतो. ‘निळ्या पोर्टमध्ये, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, डोंगल लावू नका’ असा सल्ला सर्रास मिळतो. माऊसचं डोंगल स्वतः यूएसबी २ चं, किंवा त्याहून संथ असतं. ते निळ्या पोर्टमध्ये लावलं तरी त्या पोर्टच्या वेगवान तारा झोपलेल्याच राहतात. त्रास देतो तो शेजारचा पोर्ट, जिथे ड्राइव्ह, हब किंवा डॉक लावलेला असतो. म्हणून पोर्टचा रंग बघू नका, शेजारी बघा.

खात्री करून घ्यायची असेल तर ड्राइव्हवर एखादी मोठी, दोन-चार गिगाबाइटची फाइल कॉपी करायला लावा आणि कॉपी चालू असताना माऊस गोल गोल फिरवत राहा. अडखळतो? आता कॉपी संपू द्या, ड्राइव्ह सुरक्षितपणे बंद करून केबल उपसून टाका आणि पुन्हा फिरवा. फरक जाणवला तर शोध संपला.

उपाय म्हणजे अंतर. यूएसबी २ ची एक मीटरची साधी एक्स्टेंशन केबल घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावा आणि ते टोक टेबलावर, माऊसपासून वीत-दीड वीत लांब, उघड्यावर ठेवा. केबल मुद्दाम यूएसबी २ चीच घ्या. डोंगलला एवढा वेग पुरून उरतो, शिवाय तिच्यात त्या वेगवान तारा नसतातच. डोंगल मॉनिटरच्या मागे किंवा धातूच्या स्टँडला चिकटून पडू देऊ नका. या एका केबलने दोन कामं होतात: डोंगल गोंगाटापासून लांब जातं आणि माऊसच्या जवळ येतं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की सिग्नल चौपट होतो, त्यामुळे दुसरा फायदाही लहान नाही. कितीतरी माऊसच्या खोक्यात असा आखूड केबलचा तुकडा किंवा छोटा स्टँड येतो आणि आपण तो उपयोगाचा नाही म्हणून खोक्यातच ठेवून देतो.

एक्स्टेंशन नसेल तर आधी डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या अंगाला हलवा, ड्राइव्ह डावीकडे आणि डोंगल उजवीकडे. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टमधून पुढे आणा. कॅबिनेटचा पत्रा मध्ये आला की मागचं डोंगल भिंतीशी बोलत बसतं. माऊसचं आणि हेडसेटचं अशी दोन डोंगल असतील तर तीही एकमेकांना खेटून लावू नका. एक प्रक्षेपण करतं तेव्हा शेजारचं बहिरं होतं.

यूएसबी-सी डॉक हा याच घराण्यातला, फक्त जास्त धूर्त. त्याला पडदा, नेटवर्क, ड्राइव्ह सगळं जोडलेलं असतं, आणि लोक तो नेमका लॅपटॉपच्या बिजागरीमागे सरकवून ठेवतात. पुष्कळ लॅपटॉपमध्ये वायफाय-ब्लूटूथचा अँटेना पडद्याच्या चौकटीत किंवा बिजागरीजवळच असतो. डॉक केबल पुरेल तितका लांब सरकवा. आणि लॅपटॉप मिटून, उभा करून, बाहेरच्या मॉनिटरवर काम करत असाल आणि ब्लूटूथ रुसलेलं असेल, तर एकदा झाकण उघडून बघा. मिटलेल्या धातूच्या खोक्यात अँटेनाही कोंडला जातो.

पायरी ४: ब्लूटूथ हेडसेट आणि घरातलं भांडण

डोंगलवाल्या हेडसेटला वरचे सगळे उपाय लागू. ब्लूटूथ हेडसेटची गोष्ट निराळी, कारण त्याचा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या पोटात असतो आणि तिथे तो एकटा नसतो.

बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, बऱ्याचदा अँटेनाही वाटून घेतात. वायफाय २.४ वर जोरात काही उतरवत असेल तर ब्लूटूथला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. माऊस हे सहन करतो, आवाजाला मात्र ते सहन होत नाही. कानाला एवढीशी फटही जाणवते. म्हणून मोठं काही डाउनलोड होताना गाणं तुटत असेल तर बाहेरच्या कुणालाही दोष देऊ नका. वायफाय पूर्ण बंद करून, साठवलेली ध्वनिफीत लावून बघा. स्वच्छ वाजली तर भांडण घरातलंच. कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर न्या किंवा नेटवर्कची केबल लावा. माझ्या मते ब्लूटूथ हेडसेटसाठी याहून गुणकारी उपाय नाही, आणि तो फुकट आहे.

डेस्कटॉपवाल्यांसाठी एक खास गोष्ट. वायफायवाल्या मदरबोर्डबरोबर बहुधा दोन काळ्या अँटेना येतात. ‘आपण तर नेटवर्क केबल वापरतो, वायफायच्या अँटेना कशाला’ म्हणून त्या पिशवीतच राहतात. पण ब्लूटूथही त्याच अँटेनांवर चालतं! त्या लावल्या नसतील तर हेडसेट दोन पावलांवर तुटायला लागतो. मागे पितळी रंगाचे दोन स्क्रू उघडे दिसत असतील तर आधी पिशवी शोधा.

आवाज घड्याळ लावल्यासारखा ठराविक वेळाने तुटतो का? मग शंका ‘शोधा’वर घ्या. ब्लूटूथची ‘नवीन उपकरण जोडा’ ही खिडकी उघडी राहिली असेल तर कॉम्प्युटर सतत आसपासची उपकरणं हुडकत असतो, आणि तेवढा वेळ हेडसेटच्या वाट्यातून जातो. ती खिडकी बंद करा. हेडसेट एकाच वेळी फोनला आणि लॅपटॉपला जोडलेला असेल तर फोनवर टिंग वाजलं की तो क्षणभर तिकडे वळतो आणि आपल्याला वाटतं सिग्नल गेला. तासभर फोनचं ब्लूटूथ बंद ठेवून पाहा.

आता शरीर. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, आणि पाण्यातून जाताना ती झिजते. माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. हेडसेटचा अँटेना बऱ्याचदा एकाच कानाच्या बाजूला असतो. तो उजवीकडे असेल आणि फोन डाव्या मागच्या खिशात, तर सिग्नलला तुमच्या आख्ख्या धडाला वळसा घालून यावं लागतं. खोलीत भिंतींवरून, छतावरून परावर्तित होऊन तो कसाबसा पोचतो. मोकळ्या मैदानात परावर्तनाला काही नसतं, म्हणून घरी उत्तम चालणारा हेडसेट बाहेर फिरताना तुटतो. खिसा बदला, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

फोनवर ऐकताना उच्च दर्जाचा कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवायची पद्धत, चालू असेल तर तोही तपासा. एलडॅक पूर्ण दर्जावर सेकंदाला ९९० किलोबिट पाठवतं, साधा एसबीसी ३२८ च्या आसपास. गर्दीच्या हवेत तिप्पट माल पोचवायचा म्हणजे सांडणारच. हेडसेटच्या ॲपमध्ये दर्जाऐवजी स्थिर जोडणीला प्राधान्य द्यायचा पर्याय असतो. तो निवडलात तर कानाला फरक कळेलच असं नाही, तुटणं मात्र थांबतं.

पायरी ५: राउटर

टेबलावरचं सगळं निस्तरूनही त्रास उरला, तर आता राउटरकडे वळा. सगळ्यात आधी तो टेबलावर असेल तर उचला. राउटर हेडसेटच्या कितीतरी पट जोरात बोलतो. डोंगलशेजारी तो ठेवणं म्हणजे कुजबुज ऐकणाऱ्याच्या कानाशी भोंगा लावणं. एक-दोन मीटर लांब गेला तरी पुष्कळ.

मग कॉम्प्युटर कुठल्या पट्ट्यावर आहे ते बघा. विंडोजमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचे गुणधर्म उघडले की पट्टा आणि चॅनल दोन्ही दिसतात. मॅकवर ऑप्शन कळ दाबून ठेवून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. तिथे २.४ दिसलं तर ५ वर जा. दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच असेल तर कॉम्प्युटर कधी इकडे, कधी तिकडे जातो. राउटरमध्ये दोघांना वेगळी नावं दिली की हा लपंडाव संपतो. ५ गिगाहर्ट्झची पोच थोडी कमी, भिंती त्याला जास्त नडतात, पण माऊस-हेडसेटच्या वाटेत ते येत नाही.

२.४ पूर्ण बंद करता येत नसेल, कारण घरातली काही जुनी उपकरणं त्यावरच चालतात, तर त्याची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणा. हे फार लोक करत नाहीत, पण माऊसला मोकळी जागा मिळते ती इथेच. चॅनल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा निवडा. हे तिघं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. मधला ३ किंवा ८ निवडण्याची हुशारी करू नका. तसं केलं की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या अंगावर पाय पडतो आणि त्यांचे आपल्यावर. कुठे किती गर्दी आहे ते अँड्रॉइड फोनवरच्या वायफाय विश्लेषक ॲपमध्ये आलेखासकट दिसतं.

मायक्रोवेव्हबद्दल फार लिहीत नाही. त्याचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतो, म्हणजे बरोबर आपल्या पट्ट्याच्या मधोमध. आत हजारेक वॅटचा खेळ चालू असताना दाराच्या फटीतून सुटणारा कणही काही मिलिवॅटच्या हेडसेटला भारी पडतो. ओळखणं सोपं: ओव्हन चालू, आवाज तुटला, ओव्हन बंद, आवाज परत. तेवढी दोन मिनिटं लांब उभं राहा.

पायरी ६: वीज वाचवायच्या सवयी

काही वेळ हात न लावल्यावर पहिले क्षणभर माऊस हलत नाही आणि मग नीट चालतो, तर तो झोपेतून उठतोय. क्षणभर असेल तर ते त्याचं काम. दोन-तीन सेकंद लागत असतील तर कॉम्प्युटरने यूएसबी पोर्टच झोपवलाय. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हब आणि ब्लूटूथ अडॅप्टर यांच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा देणारी खूण असते. ती काढून टाका. बॅटरी किंचित लवकर उतरेल, एवढंच.

गेमिंग माऊस असेल तर त्याचा पोलिंग दरही बघा. १००० हर्ट्झवर माऊस दर मिलिसेकंदाला हजेरी देतो, १२५ वर दर ८ मिलिसेकंदांनी. हजार हजेऱ्यांमध्ये चुकल्यावर पुन्हा पाठवायला सवड कमी. ५०० वर किंवा १२५ वर आणून तपासा. त्रास गेला तर दुवा काठावर चालला होता असं समजा आणि पुन्हा डोंगलच्या जागेकडे वळा.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर (उपकरणाच्या पोटातलं सॉफ्टवेअर) मी मुद्दाम इतक्या खाली ठेवले आहेत. सगळे आधी तेच करतात. फर्मवेअर जरूर अद्ययावत करा, ब्लूटूथ उपकरण यादीतून काढून पुन्हा जोडा, पण हे करण्याआधी डोंगल दोन फूट हलवलेलं असावं.

पायरी ७: एकाच खोलीत वीस टेबलं असतील तर

कार्यालयात प्रत्येक टेबलावर माऊस, कीबोर्ड आणि हेडसेट वायरलेस असेल तर वर सांगितलेली मोकळी जागाच संपते. इथे एकट्याने चॅनल शोधून भागत नाही. प्रत्येकाचं डोंगल एक्स्टेंशनने हाताजवळ आणणं हा पहिला उपाय, कारण आपला माऊस जवळ असला की शेजाऱ्याचा गोंगाट तुलनेने दुबळा ठरतो. दुसरा उपाय म्हणजे कीबोर्ड तारेचे करणं. कीबोर्ड टेबलावरून हलत नाही, त्याला वायरलेस असायचं काही कारण नाही, हे मी कितीही जणांशी भांडून सांगायला तयार आहे.

दिवसभर फोनवर बोलणाऱ्यांसाठी डेक्ट, म्हणजे कॉर्डलेस फोनच्या, पद्धतीचे हेडसेट मिळतात. ते २.४ मध्ये नसतातच. युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३० वर चालतात. वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, कुणाशीच त्यांचा संबंध येत नाही. पट्टा देशागणिक बदलतो, म्हणून एका देशात घेतलेला संच दुसऱ्या देशात वापरू नये. आणि तेही दाटीवाटीने लावले तर एकमेकांना अडतात.

एवढं करूनही माऊस किंवा हेडसेट सुधारला नाही, तर तो घेऊन दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या कॉम्प्युटरवर जा. तिथे डोंगल वीतभर अंतरावर, शेजारचे पोर्ट रिकामे, आसपास ड्राइव्ह नाही, सेल ताजे. तिथेही चाक फिरवताना पान अडखळलं तर वस्तूच नादुरुस्त आहे. वॉरंटीत परत करताना ‘नीट चालत नाही’ एवढंच लिहू नका. ‘दोन कॉम्प्युटरांवर, दोन जागी, ताज्या सेलवर, रिसीव्हर २० सेंटिमीटरवर असताना अडखळतो’ असं लिहा आणि चाकाच्या चाचणीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा. मग ड्रायव्हर पुन्हा टाकून बघायला सांगणारी पहिली दोन उत्तरं बहुधा टळतात.